वीसच्या खालचा आवाज

७ सप्टेंबर, रविवार

जावई आज गाडी ठेवून गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून अंकिता आमच्याकडे आहे. नववा लागलाय. डॉक्टरांनी दसऱ्यानंतरची तारीख दिलीय आणि दवाखाना साताऱ्याला. रहिमतपूरच्या बाहेर आमची वस्ती, इथं अडीअडचणीला दारात गाडी पाहिजे, असं जावयांचं, वीरधवल यांचं, म्हणणं. इस्लामपूरला साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. विचार चांगला. गाडी हायब्रिड. पेट्रोलवर पण चालते, बॅटरीवर पण. म्हणजे धड हे नाही, धड ते नाही.

जाताना मला म्हणाले, आबा, काही करायचं नाही, नुसतं बटण दाबायचं आणि निघायचं. मला सांगतात! फौजेत उभी हयात एमटीला, म्हणजे गाड्यांच्या तुकडीत काढली. बर्फात भरलेला ट्रक उतरवलाय. आजही गाव मला मेजर म्हणतं. आणि मी बटण दाबायचं. राग गिळला. जावई पडले.

संध्याकाळी गाडी शेडमध्ये घेताना ऐकलं. घूं. गाडी हळू असली की घूं. काटा वीसच्या वर गेला की बंद. पुन्हा वीसच्या खाली आणली, पुन्हा घूं. पुढच्या बाजूनं. गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय. हे सांगायला मला कॉम्प्युटर लागत नाही, कान आहेत. अंकिता म्हणाली, आबा, गाडी घेतल्यापासून असाच आवाज येतो. घेतल्यापासून! म्हणजे पोरीच्या गळ्यात डिफेक्टिव्ह गाडी मारली आणि केमिस्टला पत्ता नाही.

आत्ताच उघडून बघणार होतो. राजेश्वरी आडवी आली. म्हणाली, आवं आज गिराण हाय, पोरीला सुरी-कात्रीला हात लावू दीत न्हाई मी, आन तुमी पानं घिऊन कुटं निघाला? बायकोशी वाद घालत नाही. उद्या बघू.

९ सप्टेंबर, मंगळवार

साताऱ्याला सर्व्हिस सेंटरला नेली. गळ्यात टाय बांधलेलं पोरगं. गाडीला वायर जोडली, लॅपटॉपमध्ये बघितलं आणि म्हणालं, सर, सगळं नॉर्मल आहे. मी म्हणालो, आवाज? म्हणालं, आवाज पण नॉर्मल आहे सर, तो... पुढचं मी ऐकून घेतलं नाही. आवाज नॉर्मल! उद्या माणूस कण्हायला लागला तरी म्हणतील, नॉर्मल आहे. तिथंच त्याची खरडपट्टी काढली. एसीत बसलेली माणसं माना वळवून बघत होती. बघू देत.

परत येताना खड्ड्याला, चौकाला गाडी हळू झाली की घूं. माझं रक्त उकळत होतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

ठरलं. गिअरबॉक्स मी स्वतः बदलणार. इथंच, शेडमध्ये.

कारण लिहून ठेवतो. अंकिता झाली तेव्हा मी लेहला होतो. रजा मागितली, नामंजूर. राजेश्वरीला कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात कुणी नेलं? शेजारच्या चुलत्यानं, त्याच्या जीपमधून. तो चुलता गेला, जीप भंगारात गेली, पण त्याचा मुलगा लालासाहेब आजही पारावर ऐकवतो, मेजर तिकडं बर्फ राखत व्हतं, पोरगी आमच्या जीपनं आणली. हाच लालासाहेब दरवर्षी नांगरताना आमच्या सामाईक बांधातला वीतभर बांध कोरतो. चार वर्षं बोलणं बंद आहे.

या वेळी स्टिअरिंगवर माझे हात असणार. पोरीला मी नेणार. आणि त्या गाडीत घूं असा आवाज आला तर मी स्वतःला माफ करणार नाही. ऐन घाटात बेअरिंग जाम झालं म्हणजे? जबाबदारी कोणाची? टायवाल्याची?

अंकिता म्हणाली, आबा, मधे घाटच न्हाई. मुद्दा तो नाही.

मोबाईलवर व्हिडिओ बघितला. एक गोरा बुवा घरासमोर एकटा गिअरबॉक्स उतरवून चढवतो. मधे कॉफी पितो. व्हिडिओ अर्ध्या तासाचा आहे. मला दोन दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी.

राजेश्वरी म्हणते, पितृपंधरवड्यात नवं काम काढू नये. हे नवं काम नाही, जुन्याची दुरुस्ती आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

सांगलीला जाऊन आलो. चांदसाहेब म्हणून जुन्या स्पेअर पार्टचा व्यापारी आहे, ॲक्सिडेंटच्या गाड्या तोडतो. त्याच्याकडे ह्याच मॉडेलचे दोन गिअरबॉक्स होते. विचारतो, सायेब, गाडी माइल्ड हायब्रिड का स्ट्राँग? दोन्हीचा गिअरबॉक्स येगळा. मी म्हणालो, लेडीज चालवते, माइल्डच असणार. म्हणाला, तरी एकदा घरी फोन करून इचारा. मी म्हणालो, दाखव दोन्ही.

एक होता गोल, गुळगुळीत, विहिरीतल्या मोटरसारखा. क्लच नाही, काही नाही. दुसरा बघितला आणि बरं वाटलं. क्लचची दांडी, गिअरची दांडी, सगळं जिथल्या तिथं. ओळखीचा चेहरा. हाच घेतला.

चांदसाहेब म्हणतो, पर जुना बंद पडलाय का? मी म्हणालो, नाही, गाडी चालू आहे. म्हणाला, मग बदलताय कशाला? व्यापाऱ्यानं हे विचारावं! माल खपवायची नवीन पद्धत असणार. काही बोललो नाही, टेम्पोत टाकायला लावला.

१७ सप्टेंबर, बुधवार

काम सुरू. सकाळी पुढचा बंपर काढला. त्याच्या मागं एक काळा डबा निघाला, लहान भोंग्यासारखा. कशाचा आहे कळेना. काही कामाचा दिसत नाही, उगाच वजन. तरी फौजी शिस्त, वस्तू हरवू द्यायची नाही. गोणपाटात गुंडाळून कडब्याच्या माचीवर ठेवला.

केशरी वायरींना हात लावायचा नाही असं तो गोरा तीनदा सांगतो. त्यातून करंट जातो. वायरमनचे रबरी हातमोजे आणले, बॅटरीचा प्लग उपसला. प्लग उपसल्यावर गाडी पूर्ण मेली. बटण दाबून बघितलं, काहीच नाही. म्हणजे प्लग बरोबर उपसला.

दुपारी वीरधवल यांचा फोन. गाडी कशी आहे आबा? मी म्हणालो, जागेवर आहे. खोटं बोललो नाही.

अंकिताला सांगितलं, त्यांना काही बोलायचं नाही, सरप्राइज आहे. ती म्हणाली, आबा, माझ्या पोटात एक सरप्राइज आधीच हाय, दुसरं कशाला? आणि आत जाऊन दार लावून घेतलं. हल्ली चिडचिड करते. ह्या दिवसांत होतं तसं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस. शेडला ओल. तीन बोल्ट निघत नाहीत. कंपनीनं मुद्दाम असे बसवलेत की हात जाऊ नये. माणसानं स्वतःची गाडी स्वतः उघडू नये हा डाव आहे सगळा. एक बोल्ट तुटला. बोल्टची चूक.

विहिरीतली मोटर वर काढायला माझ्याकडे लोखंडी तिपाई आणि चेन ब्लॉक आहे, ती गाडीवर उभी केली. शेडचे दोन पत्रे काढावे लागले. लालासाहेब बांधावर उभा राहून, माझ्याकडे न बघता, आपल्या म्हशीला सांगतो, बघ गं, मेजर मोटारगाडीत हीर पाडाय लागल्यात, पाणी लागंल लवकरच. मी पण म्हशीकडे बघूनच बोललो. ते इथं लिहीत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

गिअरबॉक्स निघाला! एकट्यानं काढला. ह्या वयात.

उतरताना चेन जरा सटकली आणि तो शेडमधल्या नळावर पडला. नळ मुळापासून गेला. वस्तीवरच्या टाकीचं सगळं पाणी शेडमध्ये. आज घट बसवायचे आणि घरात पाण्याचा थेंब नाही. राजेश्वरीनं लालासाहेबाच्या बोअरवरून कळशी आणली. मला न विचारता! चार वर्षं पाळलेला अबोला एका कळशीसाठी मोडला. मी फार संतापलो. ती म्हणाली, मग परडीत माती काय तुमच्या थुकीनं भिजवू? घटासमोर असं बोलू नये.

गिअरबॉक्सच्या अंगाला बारीक चीर गेलीय. गेली तर गेली. जुनाच आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

एक गोष्ट लक्षात आली. आज लिहावी की उद्या, विचार करत होतो.

गाडीतून जो निघाला तो गोल, गुळगुळीत आहे. विहिरीतल्या मोटरसारखा. क्लच नाही.

चांदसाहेबानं मला चुकीचा माल दिला.

त्याला फोन करून धुतला. तो शांतपणे म्हणतो, सायेब, मी इचारलं व्हतं न्हवं, माइल्ड का स्ट्राँग? दुसरा पंढरपूरच्या गिऱ्हाइकानं परवाच नेला. ह्याला म्हणतात धंदा. गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायचे आणि उत्तरावर विश्वास ठेवायचा.

हरकत नाही. गिअरबॉक्स म्हणजे शेवटी गिअरबॉक्स. फौजेत आम्ही एका ट्रकचा पाय दुसऱ्याला लावलाय. ह्यात ट्रॅक्टरचं नव्वद नंबरचं तेल आधीच भरून ठेवलंय. बसवायचंच. तो गोरा काही सगळ्या जगाचा बाप नाही.

संध्याकाळ: बसत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

बसत नाही. भोकंच जुळत नाहीत. केशरी वायरी लावायला ह्याला जागाच नाही. त्या हातात धरून मी बराच वेळ उभा होतो.

अंकिता खुर्ची घेऊन शेडच्या दारात येऊन बसली. पाय सुजलेत तिचे. म्हणाली, आबा, खरं सांगा, गाडी हुईल का? मी म्हणालो, बाळा, डॉक्टरांची तारीख कधीची? दसऱ्यानंतरची. मग? आबावर भरवसा हाय का न्हाई? ती पोटावरून हात फिरवत बसली. कुणी काही म्हणालं तर उत्तर देता येतं. पोटावरून हात फिरवत बसलं की काय करायचं?

आजपासून रोज पहाटे उठून काम. जुनाच गिअरबॉक्स परत चढवायचा. चिरेला एम-सील.

२८ सप्टेंबर, रविवार

पाठ धरली. पडून आहे. एम-सील वाळायला वेळ द्यावाच लागतो.

वीरधवल यांचा फोन. येत्या रविवारी येतो म्हणाले. मी म्हणालो, रस्ते फार खराब आहेत, सावकाश या. नाही आलात तरी चालेल.

३० सप्टेंबर, मंगळवार

एम-सील वाळलं. गिअरबॉक्स उचलला, चिरेतून तेल गळायला लागलं. खाली ठेवला.

राजेश्वरी म्हणते, दुसरी एखादी गाडी सांगून ठिवा. भाड्याची. मी म्हणालो, दारात अशी गाडी असताना भाड्याची? तिनं शेडकडे बघितलं आणि देवघरात गेली. हल्ली ह्या घरात कुणी धड भांडतसुद्धा नाही.

लालासाहेबानं नवीन पिकअप घेतलीय. उद्याच्या पूजेसाठी आजपासून धुतोय. हॉर्न वाजवून बघतो. पुनःपुन्हा. ऐकू यावा म्हणून.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. सकाळी

हत्यारांची पूजा झाली. फौजेतली शस्त्रपूजा बघितलेला माणूस आहे मी, घरी अर्धवट करणार नाही. पाने, हातोडे, जॅक, चेन ब्लॉक, बॅटरीचा तो प्लग, सगळं घोंगडीवर ओळीनं मांडलं. दोन्ही गिअरबॉक्स शेजारी शेजारी. हळद-कुंकू, झेंडू, उसाची कांडी. फार शोभून दिसलं.

राजेश्वरीनं विचारलं, आवं, आता पूजंत मांडलं म्हंजी उद्या दसऱ्याची पूजा हुईस्तवर हात लावायचा न्हाई, ठावं हाय न्हवं? ठाऊक आहे म्हणालो. चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर शेवटचा पानासुद्धा मांडला. आज दिवसभर कुणी विचारणार नाही, मेजर, काम कुठवर आलं? वरच्या साहेबाची रजा आहे.

उद्या सीमोल्लंघन झालं की नव्या जोमानं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. सातारा, दवाखान्याचा व्हरांडा

काल दुपारी पुरणपोळीचं ताट समोर होतं आणि अंकितानं आतून हाक मारली. आई म्हणून नाही, आबा म्हणून मारली.

डॉक्टरांची तारीख चुकली. ज्यांनी तारीख दिली त्यांना ह्याचा जाब विचारला पाहिजे.

मी शेडकडे धावलो. घोंगडीवरचा सतरा नंबरचा पाना उचलला. का उचलला सांगता येत नाही. सवयीनं. हार तुटून फुलं सांडली. पाना हातात घेऊन मी गाडीसमोर उभा राहिलो. बंपर नाही, गिअरबॉक्स नाही, समोर नुसतं भगदाड. आतून पोरगी कण्हतेय. मला लाज वाटली. हा शब्द नंतर खोडेन.

मोबाईल शोधेपर्यंत राजेश्वरीनं बांधावरून हाक घातली होती. लालासाहेबाची पिकअप पूजेत उभी. बॉनेटवर हार, दोन्ही बाजूंना ऊस बांधलेला, चाकाखाली लिंबू. त्याची बायको म्हणाली, पूजंतली गाडी आज हलवू नगा. तो तिच्यावर खेकसला, पोरगी अडलीया, देवाला काय तेवढं कळत न्हाई व्हय? आणि लिंबावरूनच गाडी काढली. माझ्या दारात आणून उभी केली आणि चार वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. म्हणाला, मेजर, तो पाना ठिवा आन पिशवी घ्या. हुभं काय ऱ्हायलाय?

मला हुकूम करतो. मी पिशवी घेतली.

पुढं लालासाहेब, अंकिता, राजेश्वरी. पुढं चौथ्याला जागा नाही. मी मागं हौद्यात, पिशवी मांडीवर घेऊन, उसाचा पाला तोंडावर मारतोय. उभी हयात गाडी चालवली आणि पोरीच्या वेळी मी माल म्हणून गेलो. केबिनची मागची काच उघडली आणि अंकितानं हात बाहेर काढला. मी धरला. कोरेगाव गेलं, सातारा आलं, तिनं सोडला नाही, मीही सोडला नाही. बोटं अजून सुजलेली आहेत.

आणि हेही लिहितो, गाडी चांगली चालवतो. खड्डा दिसला की आधी हळू करतो. हे त्याला कळता कामा नये.

दिवेलागणीला मुलगी झाली. पेढे लालासाहेबानं वाटले. माझ्या नातीचे पेढे! मी पैसे काढेपर्यंत अख्ख्या वॉर्डात वाटून झाले होते. शर्टाच्या खिशात हात घातला तर तिथं कुंकू लावलेला सतरा नंबरचा पाना.

वीरधवल इस्लामपूरहून आज सकाळी आले. मुलीला बघून आले आणि म्हणाले, आबा, गाडी पार्किंगमध्ये दिसली नाही. मग सांगितलं. सगळं नाही. तरी बरंच.

रागावतील असं वाटलं होतं. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी एवढंच विचारलं, पण गिअरबॉक्स काढला कशासाठी? मी म्हणालो, आवाज येत होता. वीसच्या खाली गेली की घूं.

ते बाकावर बसले. मग म्हणाले, आबा, तो आवाज स्पीकरचा हाय. बॅटरीवर गाडी चालली की आवाज येत न्हाई, माणसं आडवी येत्यात, म्हणून कंपनी मुद्दाम वाजवते. बंपरच्या मागं काळा डबा असतो बघा.

मी म्हणालो, असतो. गोणपाटात बांधून नीट ठेवलाय.

लालासाहेब तिथंच उभा होता. हसला असता तर फोडून काढला असता. पण तो हसला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, खांदे तेवढे हलत होते.

गाडीनं आवाज करू नये म्हणून बॅटरी बसवायची आणि मग आवाज यावा म्हणून भोंगा बसवायचा, ही अक्कल! आणि ते डब्यावर लिहायला काय झालं होतं? कंपनीला पत्र लिहिणार आहे. कडक.

संध्याकाळी

राजेश्वरीनं लालासाहेबाच्या घरी फोन लावून त्याच्या बायकोला सांगितलं, दसऱ्याची पूजा आटपली की सगळं पानं पेटीत घाल आन किल्ली तुझ्यापाशी ठिव. माझ्यासमोर सांगितलं.

आत गेलो. बाळ अंकिताच्या कुशीत. झोपेत बारीक आवाज करतंय. घूं. नर्स म्हणाली, नॉर्मल आहे आजोबा, नाक चोंदलंय. मी तोंड उघडलं. राजेश्वरी, वीरधवल, अंकिता, तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड मिटलं.

अंकितानं बाळ माझ्या हातात दिलं. म्हणाली, धरा आबा. फकस्त उघडून बघू नका.

जन्मल्यावर इतक्या लवकर मी कुणाला कधी धरलेलं नाही. अंकिताला तर पहिल्यांदा धरलं तेव्हा ती चालत होती आणि मला बघून रडली होती. खाली बसून दोन्ही कोपरं मांडीला टेकवली. ती पिकअपच्या धक्क्यांमुळं.

जरा उजव्या कुशीवर घेतलं की आवाज थांबतो. दोनदा करून बघितलं. कुणाला सांगितलं नाही. तसंच धरून बसलो.